वास करना मना है

वासाच्या बाबतीत आमच्या रायपूरच्या घरमालकांइतका कडक माणूस पृथ्वीच्या पाठीवर झाला नाही आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. घर भाड्याने देताना लोक पगार विचारतात, जात विचारतात, मटण-मच्छी खाता का ते आडवळणाने विचारतात. काका यातलं काही म्हणजे काही विचारत नसत. ते फक्त जरा पुढे वाकत आणि अगदी खासगी आवाजात विचारत, "तुमी अंगाले काय लावता जी?" या प्रश्नाला भले भले गडबडत. एका बँकवाल्याने मोठ्या अभिमानाने कुठल्याशा परदेशी सेंटचं नाव सांगितलं, तर काकांनी त्याला फाटकाबाहेर नेऊन थंड पाणी पाजलं म्हणतात. पाणी पाजलं, कारण माणूस मोठा सज्जन. फाटकाबाहेर, कारण नियम म्हणजे नियम.

काका मूळचे अकोल्याकडचे. रेल्वेच्या नोकरीत बदलीवर रायपूरला आले, शंकर नगरात दुमजली घर बांधलं आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिले. काकू आम्ही येण्याआधीच गेलेल्या, मुलगा बंगळूरला. काका घरात वऱ्हाडी बोलत, बाजारात हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी, आणि छत्तीसगढीतला होकाराचा 'हव' त्यांच्या जिभेवर असा बसला होता की होकारालाही हव, नकारालाही हव आणि कंटाळा आला तर लांबवलेला हऽऽव. यातला कोणता कुठला हे कळायला आम्हाला वर्ष लागलं.

त्यांच्या पाटीची हकीकत सांगितल्याशिवाय मात्र पुढे जाता येणार नाही. मी रायपूरला आलो तेव्हा राज्य नवं, राजधानी नवी, कचेऱ्या मिळेल त्या इमारतीत थाटलेल्या, आणि भाड्याचं घर म्हणजे देवदर्शनासारखी दुर्मीळ गोष्ट झालेली. तेलीबांध्यापर्यंत पायपीट करून माझे जोडे झिजले. अशा दिवसांत शंकर नगरात एका घराचा अख्खा वरचा मजला कित्येक महिने रिकामा होता. दलालाला विचारलं तर त्याने कानाला हात लावला. "भैया, उस मकान में कुछ गड़बड़ है. खुद मकान-मालिक ने लिख के टाँगा है." मी कुतूहलाने बघायला गेलो. फाटकावर पांढऱ्या पत्र्यावर निळ्या अक्षरांत ठसठशीत लिहिलेलं होतं : इस घर में वास करना मना है.

मला क्षणभर काही कळेना आणि मग एकदम सगळं कळलं. काकांना लिहायचं होतं की या घरात उग्र वास करू नका. मराठीतला वास त्यांनी जसाच्या तसा उचलून हिंदी वाक्यात बसवला, आणि हिंदीत वास म्हणजे वास्तव्य. तेव्हा अख्खं रायपूर ती पाटी वाचत होतं ती अशी की, या घरात राहायला मनाई आहे. कुणाला वाटलं जागेचा कोर्टात दावा चालू आहे, कुणाला वाटलं भूतबाधा आहे, आणि एक म्हातारी तर रोज देवळात जाताना त्या फाटकाला लांबूनच हात जोडायची. मी मराठी, म्हणून मला वाचता आलं आणि घर मिळालं. पुढे ओळख वाढल्यावर मी काकांना हा घोटाळा समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "काहून जी? बराबरच तं हाय. ज्याले वास करायचा हाय त्यानं इथं वास करू नये."

पण पाटी ही नुसती पहिली पायरी होती. खरी मुलाखत पुढे होती, आणि तिला मी बायकोलाही घेऊन गेलो होतो. काका म्हणाले, "माह्यं काही नाही, पण साहेबाले पसंत पडाले पायजे." मला वाटलं, घर कुणा बड्या अधिकाऱ्याचं असणार आणि हे नुसते देखरेखीला असणार. त्या काळात रायपुरात दगड मारला तरी साहेबाला लागायचा. मी शर्ट खोचला, केस सारखे केले, आणि आतून साहेब आले ते चार पायांवर. पिवळट रंगाचं, एक कान फाटलेलं, साधं गावठी कुत्रं. त्यांनी मला जोड्यापासून खिशापर्यंत हुंगलं, मागे जाऊन हुंगलं, बायकोच्या पदराशी येऊन एक शिंक दिली आणि काकांकडे पाहिलं. "बाईंनी काही लावलं हाय," काका म्हणाले. बायकोने सकाळी तोंडाला पावडर लावली होती. पावडर बंद करण्याच्या बोलीवर आम्हाला घर मिळालं, आणि त्या संध्याकाळी बायकोने मला जे सुनावलं ते पुढे कित्येक वर्षं अधूनमधून चालूच राहिलं.

त्या घरात उदबत्ती नाही, धूप नाही, डासांची कॉइल नाही, झुरळांचा फवारा नाही, फिनाइल नाही, डांबरगोळ्या नाहीत. फरशी गरम पाण्याने पुसायची. झुरळांसाठी काका बरणीला आतून तेलाचं बोट फिरवून तळाशी बटाट्याची फोड टाकून ठेवत. झुरळ आत उतरे आणि वर येताना घसरे. दर सकाळी काका ही कैद्यांची बरणी घेऊन रस्त्यापलीकडच्या रिकाम्या प्लॉटकडे जात आणि कैद्यांना सोडून देत. माझी खात्री आहे की काकांच्या आधी ती झुरळंच घरी परत येत असतील. डासांसाठी मच्छरदाणी. ती इतकी जाड की आत माणसालाही शिरकाव होणं अवघड. भिंतींना चुना चाले, पण ऑइलपेंटचं नाव काढायचं नाही. दारं-खिडक्या आपल्या लाकडाच्या मूळ रंगात वर्षानुवर्षं उभी. नेलपॉलिश लावायचं असेल तर गच्चीवर जायचं, आणि तेही काका खालून रुमाल धरून वाऱ्याची दिशा बघून हो म्हणतील तेव्हा. देवासमोर मात्र त्यांनी समईला मोकळीक दिली होती. "तेलाच्या वातीचं साहेबाले काही नाही," ते सांगत. "देवानं कवा म्हटलं का मले मोगऱ्याची अगरबत्तीच लाव?"

माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या तो दिवस तर आमच्या घरात अजून सांगितला जातो. सासूबाईंची ट्रंक म्हणजे डांबरगोळ्यांची खाण. त्या रिक्षातून उतरल्या आणि साहेब जिन्याच्या पहिल्या पायरीवर आडवे उभे राहिले. भुंकले नाहीत, चावले नाहीत. नुसते शिंकत राहिले, आणि डोळ्यांतून पाणी. सासूबाई म्हणाल्या, "कुत्र्याला पडसं झालंय का हो?" काका हात जोडून म्हणाले, "आई, तुमी या. घर तुमचंच हाय. फक्त लुगडे बाहेर राहू द्या." मग ट्रंकेतल्या सगळ्या साड्या गच्चीवर दोरीला लागल्या. इरकली, पैठणी, नारायणपेठी, सगळं रायपूरच्या उन्हात फडफडायला लागलं. दुपारी दोन बायका फाटकाशी येऊन भाव विचारून गेल्या. आधी सासूबाई रागावल्या, पण रोज संध्याकाळी काका त्यांना साड्या उतरवू लागत आणि प्रत्येक साडी साहेबांच्या नाकाशी धरून "पास" किंवा "उद्या परत" असं सांगत, तेव्हा त्याही हसायला लागल्या. जाताना त्यांनी साहेबांच्या डोक्यावरून हात फिरवला. डांबरगोळ्या त्यांनी पुढेही सोडल्या नाहीत, पण रायपूरला यायचं असलं की आठ दिवस आधी साड्या वाळत घालत.

काकांजवळ बसलं की या विषयावर ते रंगात येत. "तुमाले काय समजते? भाजीत मीठ कमी हाय एवढं. साहेबाले मीठ कोन्या दुकानातलं हाय थे बी समजते. आता अशा नाकापुढं तुमी फसफस फवारा मारून राहिले, तं कसं होईन? तुमाले थो गुलाबाचा वास हाय. त्याले थे नाकात तिखट घातल्यावानी हाय. अन् बिचाऱ्याले सांगता बी येत नाही." आणि काका सांगत ते खरंच होतं. आम्ही बघत गेलो तसं आमच्याही लक्षात आलं. शेजारच्या घरी पाहुणे यायचे म्हणून फिनाइलने अंगण धुतलं, की साहेब परसात जाऊन भिंतीला नाक लावून बसत. समोरच्या घरात फवारा मारला की लाळ गळे, जेवण सुटे. आपण नाक मुरडतो आणि विसरतो. ते जनावर दिवसभर सोसत बसे. बायकोचा राग हळूहळू मावळला तो हे पाहूनच.

मला एक कोडं मात्र सुटत नव्हतं. एवढा नाकाचा पुजारी माणूस, पण बायकोने केलेल्या भरल्या वांग्यांची वाटी खाली नेली की झाकण काढण्याआधी कधी "वा!" म्हणत नसे. मग एका सकाळी मी आंघोळीहून आलो तर दूध करपल्याचा भपकारा वरपर्यंत आलेला. धावत खाली गेलो. स्वयंपाकघरात धूर, पातेलं काळंठिक्कर, आणि पाच हातांवर काका निवांत वर्तमानपत्र वाचत बसलेले. साहेब त्यांचा पायजमा दातांत धरून ओढत होते. मी गॅस बंद केला. काका पातेल्याकडे बघत राहिले आणि ओशाळं हसले. "साहेब सांगूनच राहिले होते. मले वाटलं, फिराले चाल म्हणून राहिले."

तेव्हा त्यांनी सांगितलं. कधीतरी मोठा ताप आला आणि तो गेला तो नाक घेऊन गेला. फूल आणि फिनाइल दोन्ही त्यांना सारखंच. काकू होत्या तोवर बिघडलं नाही. त्या गेल्यावर एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला आणि घरभर पसरला, आणि काका तसेच बसलेले. फाटकाशी पडून असणारं एक गावठी पिल्लू भुंकत भुंकत घरात शिरलं आणि पायजमा धरून त्यांना ओढत राहिलं. त्या दिवसापासून ते पिल्लू साहेब झालं. मुलाने हे ऐकलं आणि घर विकून बंगळूरला चला म्हणून हट्ट धरला. वास ओळखणारं एक यंत्रही पाठवलं. ते कांद्याच्या फोडणीलाच किंचाळायचं आणि साहेब खाटेखाली जाऊन बसायचे, म्हणून काकांनी ते काढून ठेवलं. शेवटी बापलेकांत करार झाला : साहेबांचं नाक आहे तोवर काकांनी इथे राहायचं, त्यानंतर मुकाट बंगळूर. "आता सांगा," काका म्हणाले, "मी अगरबत्ती लावू देऊ? त्याचं नाक गेलं का माह्यं घर गेलं." मी वर जाऊन बायकोला हे सांगितलं. ती डोळे पुसत म्हणाली, "आणि मी त्या पावडरसाठी भांडत होते."

त्यानंतर पावसाळा सरता सरता आमच्या भागात धुराची गाडी फिरायला लागली. राजधानी झाल्यापासून डासांनाही महत्त्व आलं होतं. गाडी येते म्हटलं की मुलं मागे धावत, बायका दारं उघडून "इधर भी मारो भैया" म्हणत, आणि काका ओला टॉवेल साहेबांच्या तोंडावर टाकून त्यांना उचलून रिक्षात बसत ते थेट तेलीबांध्याच्या तळ्यावर. रिक्षावाला विचारी, "अंकलजी, कुत्ता बीमार है क्या?" काका म्हणत, "नहीं, साहब दौरे पे हैं." एकदा मात्र गाडी सांगून न येता आली. काका बाजारात होते, आम्ही कामावर, आणि साहेब अंगणात झोपलेले. आम्ही आलो तेव्हा साहेबांचे डोळे लाल, नाक कोरडं, आणि श्वास घ्यायला तोंड उघडं. डॉक्टर म्हणाले जीवाला धोका नाही, पण नाकाचं बघावं लागेल. काका वाटीखाली पेढा लपवत आणि साहेबांना आणून समोर उभं करत. साहेब वाटी ओलांडून जात. काका पुन्हा लपवत. बायकोने फोडणीसुद्धा दार लावून दिली. मग एका सकाळी खालून हाक आली, "या जी, या!" आम्ही गेलो तर वाटी उपडी, पेढा गायब, आणि काका जमिनीवर बसून साहेबांच्या गळ्यात पडलेले. त्या दिवशी अख्ख्या गल्लीला पेढे मिळाले. प्रसंग काय म्हणून विचारलं की काका सांगत, "साहेब पुन्हा ड्युटीवर आले."

पण म्हातारपणाची गाडी टॉवेलने अडत नाही. साहेबांना जिना चढवेना, मग ऐकू येईना, आणि शेवटी शेवटी पेढा नाकासमोर धरला तरी ते काकांकडेच बघत राहायचे. काका मुलाला फोनवर सांगत, "एकदम तेज हाय नाक." आम्ही वरून ऐकत असू. दूध तापवायच्या वेळी बायको काही ना काही निमित्त काढून खाली जायला लागली होती. कधी साखर, कधी कढीपत्ता. काकांना ते कळत होतं. एकदा म्हणाले, "तुमच्या घरी साखर लई लागते जी."

साहेब एका सकाळी ओसरीवर आपल्या पोत्यावर झोपले ते उठले नाहीत. काकांनी त्यांना परसातल्या पेरूखाली पुरलं. मुलगा विमानाने आला. चांगला मुलगा, रायपुरात वाढल्याने हिंदीच तोंडात बसलेली, बापाची काळजी होती, म्हणूनच आवाज चढत होता. "बाबा, अपनी क्या बात हुई थी? अब चलना है." काका 'हव' म्हणाले. हा कुठला हव ते मला कळलं नाही. कपाटं उघडली गेली, दलालाचे फोन सुरू झाले. मी रोज कचेरीत जाताना फाटकाशी जरा थांबत होतो, आणि बोलायचं ते राहून जात होतं.

आणि एका संध्याकाळी परत आलो तर गल्लीच्या तोंडाशीच नाकात तारपिनाचा भपकारा शिरला. आमच्या घरातून. त्या घरातून, जिथे इतक्या वर्षांत नेलपॉलिशचा थेंब वास करू शकला नव्हता. रंगकाम निघालं, म्हणजे गिऱ्हाईक ठरलं, घर विकलं. मी घाईने फाटकाशी आलो. काका स्टुलावर उभे होते, हातात तारपिनात बुडवलेलं फडकं, आणि ते पाटी घासत होते. पाटीवरची बाकी सगळी अक्षरं तशीच होती. फक्त 'मना' पुसलेलं होतं. उरलं होतं ते असं : इस घर में वास करना है.

"काका?"

"तुमच्या बायकोनं माह्या पोराले बसवून सांगतलं," काका फडकं पिळत म्हणाले. "म्हणे, मी सकाळ-संध्याकाळ खाली येऊन हुंगून जाईन, अन् आमची बदली झाली तं नाकवाला माणूस पाहून मंगच घर सोडीन. पोरगा ऐकतच राहिला. परवाचं तिकीट एकट्याचंच काढलं त्यानं." मग जरा थांबून म्हणाले, "तुमी म्हणत होते न, हिंदीत वास म्हणजे राहणं. म्हटलं, मंग तसंच लिहावं."

मी त्यांना हात देऊन स्टुलावरून उतरवलं. ओसरीवर साहेबांचं पोतं अजून तिथेच, मधोमध अंगाच्या आकाराचा खळगा पडलेलं. काकांनी ते उचललं, दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरलं आणि पहिल्यांदा भेटलो तेव्हाच्याच खासगी आवाजात विचारलं, "मले तं समजत नाही. तुमी पाहा बरं. याले अजून साहेबाचा वास हाय का?"

मी वाकून नाक लावलं. हात, हवा, पोतं, सगळीकडे नुसतं तारपीन भरून राहिलं होतं. दुसरं काही म्हणजे काही येत नव्हतं.

"आहे, काका."

"हव," काका म्हणाले. त्यांनी पोतं नीट घडी करून छातीशी धरलं आणि आत जाता जाता म्हणाले, "मंग धुवाले नाही टाकत."